बाबासाहेबांचे प्राध्यापक आणि आपल्या मुलांचा विज्ञानशिक्षक

५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना एलएल.डी. ही सन्मानाची पदवी बहाल केली. त्याच्या अवघे चार दिवस आधी, १ जून रोजी, त्याच शहरात एका ९२ वर्षांच्या वृद्ध प्राध्यापकाचे निधन झाले. त्यांचे नाव जॉन ड्युई. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकत असताना बाबासाहेब त्यांच्या वर्गात बसले होते. ३६ वर्षांनंतर शिष्य त्या शहरात सन्मानाने गेला, परंतु भेट राहून गेली.

बाबासाहेबांनी आपले गुरू तीनच मानले : तथागत बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतीराव फुले. ड्युई हे त्या अर्थाने गुरू नव्हेत, ते प्राध्यापक होते. तरीही १९३६ साली जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावर लिहिलेल्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून केला आणि त्यांच्या विचाराचे ऋण उघडपणे मान्य केले. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार बाबासाहेबांच्या लेखनात वारंवार भेटतो, आणि त्यामागे ड्युई आहेत, हे आपल्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मात्र ड्युईंना ही लोकशाही सर्वप्रथम कोठे घडवायची होती, हे चळवळीत फारसे सांगितले जात नाही. ती त्यांना शाळेच्या वर्गात घडवायची होती. म्हणूनच शिक्षक कसा घडतो, या प्रश्नावर त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे खर्च केली. आज आपल्या वस्त्यांतील मुलांना विज्ञान कोण शिकवते, आणि त्या शिकवणाऱ्याला कोणी आणि कसे शिकवले, हा प्रश्न आपल्यासमोर उभा असताना या माणसाचे जीवन समजून घेणे आवश्यक आहे.

जॉन ड्युई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन गावी झाला. वडील किराणा दुकानदार होते. घर धनाढ्य नव्हते आणि फार गरीबही नव्हते. १८७९ साली व्हरमाँट विद्यापीठाची पदवी घेऊन ते पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी या खनिज तेलाच्या धंद्यावर वसलेल्या गावात हायस्कूलचे शिक्षक झाले. तेथे दोन वर्षे काढली, नंतर काही महिने आपल्याच राज्यातील एका लहान गावात शिकवले. अध्यापनाचे कोणतेही प्रशिक्षण त्यांच्या गाठीशी नव्हते. वर्गात शिस्त राखणे त्यांना नीटसे जमले नाही. जगाला शिक्षणशास्त्र शिकवणारा हा माणूस स्वतः नवशिका शिक्षक म्हणून चाचपडत होता, ही गोष्ट लहान नाही. नवख्या शिक्षकाची वर्गासमोर उभे राहताना काय अवस्था होते, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

१८८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवून ते मिशिगन विद्यापीठात गेले. तेथे १८८६ साली अ‍ॅलिस चिपमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अ‍ॅलिस यांनी त्यांचे लक्ष कोरड्या तत्त्वचर्चेकडून समाजातील अन्यायाकडे वळवले, असे त्यांचे चरित्रकार मानतात. १८९४ साली ड्युई शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र या विभागाचे प्रमुख झाले. ते शिकागोत पोहोचले तेव्हा रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीच्या कामगारांचा प्रचंड संप चालू होता. युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांनी शहर भरलेले होते. जेन अ‍ॅडम्स या समाजसेविकेने त्यांच्यासाठी चालवलेल्या हल हाऊस या केंद्राशी ड्युईंचा जवळचा संबंध आला. कारखाना, वस्ती, संप आणि शाळा या गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे त्यांना तेथे दिसले.

जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाची प्राथमिक शाळा सुरू केली. पहिल्या दिवशी १६ मुले आणि २ शिक्षक होते. पुढे ही शाळा प्रयोगशाळा-शाळा या नावाने ओळखली गेली. त्यामागचा विचार साधा होता. पदार्थविज्ञानाच्या विभागाला जशी प्रयोगशाळा लागते, तशीच शिक्षणशास्त्राच्या विभागालाही लागते. नुसती व्याख्याने देऊन कोणी रसायनशास्त्रज्ञ होत नसेल, तर नुसती व्याख्याने ऐकून कोणी शिक्षक कसा होईल?

शाळेसाठी बाके शोधताना त्यांना एक अनुभव आला आणि तो त्यांनी नंतर आपल्या व्याख्यानात सांगितला. गावातील दुकाने पालथी घातली तरी मुलांना काम करता येईल असे टेबल मिळेना. जी बाके होती ती सगळी बसून ऐकण्यासाठी बनवलेली होती. ड्युईंच्या मते त्या काळाच्या शिक्षणाचे सारे स्वरूप या एका गोष्टीतून उघड होत होते. मुलाने ऐकायचे, पाठ करायचे आणि म्हणून दाखवायचे, एवढ्याचसाठी शाळा रचलेली होती.

त्यांच्या शाळेत मुले स्वयंपाक करीत, सुतारकाम करीत, विणकाम करीत. परंतु मुलांना आचारी, सुतार किंवा विणकर बनवणे हा त्यामागचा हेतू नव्हता. एक उदाहरण पाहू. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला ते चटकन समजेल. मुलांच्या हाती बोंडातला कापूस आणि मेंढीची लोकर देण्यात आली. माणसाने लोकरीचे कापड आधी आणि कापसाचे नंतर मोठ्या प्रमाणात का वापरले, असा प्रश्न निघाला. मुलांनी हाताने सरकी वेगळी करायला सुरुवात केली. अर्धा तास खपून एक औंसही कापूस हाती आला नाही. मग त्यांनी धागे ताणून पाहिले. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, लोकरीचा लांब आणि खरबरीत, एकमेकांना चटकन धरणारा. उत्तर मुलांनीच शोधले. तेथून पुढे सरकी काढणाऱ्या यंत्राकडे, त्यातून कारखान्याकडे आणि समाजाच्या इतिहासाकडे वाट गेली. स्वयंपाकाच्या तासाला अंडे उकडताना पाण्याच्या तापमानाचा अंड्याच्या पांढऱ्या भागावर काय परिणाम होतो, हे मुले स्वतः पाहून नोंदवीत. कृती पाठ करून अंडे उकडता येते. त्यात काय घडते हे कळण्यासाठी मात्र पाण्याचे तापमान बदलून पाहावे लागते.

हे सर्व ऐकायला सोपे वाटते. वर्गात ते घडवणारा शिक्षक तयार करणे सोपे नव्हते, आणि ड्युईंच्या कार्याचा हाच भाग आपल्याकडे दुर्लक्षित राहिला. त्यांच्या शाळेतील शिक्षक दर आठवड्याला एकत्र बसत. वर्गात काय घडले, कोणते मूल कोठे अडले, कोणता प्रश्न फसला, याचे लेखी अहवाल देत आणि त्यावर चर्चा करीत. सुरुवातीला एकच शिक्षक सर्व विषय शिकवील अशी योजना होती, ती अनुभवाने बदलली आणि त्या त्या विषयाचा खोल अभ्यास असलेले शिक्षक नेमले गेले. कॅथरीन कॅम्प या तेथे विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिका. पुढे १९३६ साली त्यांनी आपल्या बहिणीसह या शाळेचा सविस्तर वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. शाळा चुका करीत होती आणि त्या चुकांतून शिकत होती. म्हणजे मुलांसाठी प्रयोग होते, तसे शिक्षकांसाठीही शिकवणे हाच एक प्रयोग होता.

१९०४ साली ड्युईंनी शिक्षकांच्या प्रशिक्षणात सिद्धान्त आणि प्रत्यक्ष काम यांचा संबंध काय असावा, या विषयावर एक निबंध लिहिला. आज शंभरपेक्षा अधिक वर्षांनंतरही तो आपल्या प्रत्येक अध्यापक महाविद्यालयाला लागू पडतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शिक्षक घडवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली उमेदवारीची, म्हणजे कारागिराच्या हाताखाली काम करून हत्यारे चालवायला शिकावे तशी. या रीतीने नवख्याला वर्ग सांभाळण्याच्या युक्त्या लवकर येतात. दुसरी प्रयोगशाळेची. तिच्यात प्रत्यक्ष शिकवण्याचा उपयोग मुलांचे मन कसे चालते, हे समजून घेण्यासाठी केला जातो. नवख्या शिक्षकाला घाईने वर्गात उभे केले, आणि वरून तपासनीस गुण द्यायला बसवला, तर तो मुलांच्या विचाराकडे पाहतच नाही. वर्ग शांत आहे काय, तास वेळेत संपला काय, तपासनीस खूष आहे काय, एवढेच तो पाहतो. मुले बाहेरून लक्ष देत आहेत असे दिसते, आतून ती दुसरीकडेच असतात. हे ओळखण्याची नजर ज्याला प्रशिक्षणात मिळाली नाही, त्याला ती पुढे वीस वर्षे नोकरी करूनही मिळण्याची खात्री नाही. म्हणून आधी बारकाईने निरीक्षण, मग मदतनीस म्हणून काम, मग थोड्या मुलांबरोबर शिकवणे आणि त्यानंतर पूर्ण वर्गाची खरी जबाबदारी, तीही प्रत्येक तासाला टोकले न जाता, असा क्रम त्यांनी सुचवला.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या अध्यक्षांशी शाळेच्या कारभारावरून आणि अ‍ॅलिस यांच्या मुख्याध्यापकपदावरून मतभेद झाले आणि ड्युईंनी राजीनामा दिला. दु:ख एकटे आले नाही. त्यांचा मॉरिस हा लहान मुलगा १८९५ साली युरोपच्या प्रवासात वारला होता. १९०४ च्या प्रवासात गॉर्डन हा मुलगाही विषमज्वराने गेला. शाळा गेली, मुलगा गेला. अशा अवस्थेत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात रुजू झाले. शिकागोतील काम मात्र वाया गेले नाही. त्यांच्या सहकारी एला फ्लॅग यंग या १९०९ साली शिकागो शहराच्या सर्व शाळांच्या प्रमुख झाल्या. शिक्षकांनी वरून आलेले हुकूम पाळणारे नोकर न राहता शाळेच्या निर्णयांत भाग घ्यावा, यासाठी त्यांनी हयातभर प्रयत्न केले.

ड्युई कोलंबियात आल्यानंतर १९०९ च्या अखेरीस विज्ञान संवर्धनाच्या अमेरिकन संस्थेपुढे त्यांनी भाषण केले. विज्ञान शाळेत शिरले, पण तयार माहितीचे गाठोडे म्हणून शिरले, ही त्यांची तक्रार होती. विज्ञान ही विचार करण्याची पद्धत आहे. शंका घेणे, अंदाज बांधणे, तो तपासणे आणि पुराव्यापुढे आपले मत बदलणे ही ती पद्धत. ती न देता केवळ निष्कर्ष पाठ करून घेतले, तर विज्ञानाचीही पोथी होते. १९१० साली विचारप्रक्रियेवर आणि १९१६ साली लोकशाही व शिक्षण या विषयावर त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. तरुण भीमराव आंबेडकर कोलंबियात होते तो हाच काळ.

कोलंबियाच्याच अध्यापक महाविद्यालयात विल्यम किलपॅट्रिक हे ड्युईंचे विद्यार्थी आणि नंतर सहकारी होते. १९१८ साली त्यांनी प्रकल्प पद्धतीवर एक लेख लिहिला आणि हा शब्द जगभर पसरला. हेतू ठरवणे, आराखडा करणे, काम पार पाडणे आणि मूल्यमापन करणे असे चार टप्पे त्यांनी सांगितले. त्याआधीच मॅसॅच्युसेट्समध्ये शेतीशाळेतील मुलांना घरच्या शेतावर प्रकल्प देण्याची पद्धत सुरू झाली होती. परंतु ड्युई या लाटेत आंधळेपणाने वाहून गेले नाहीत. पुष्कळसे प्रकल्प किरकोळ असतात, दोन दिवसांत आटोपतात आणि विषयाच्या खोलात नेत नाहीत, असे त्यांनी १९३१ साली बजावले. १९३८ साली अनुभव आणि शिक्षण यावरील लहान पुस्तकात त्यांनी आपल्याच अनुयायांना सुनावले, की प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही. मुलांना मोकळे सोडून शिक्षकाने बाजूला बसणे म्हणजे नवे शिक्षण नव्हे. उलट अशा शिक्षणात शिक्षकाची तयारी अधिक लागते, कारण मूल कोणत्या क्षणी काय विचारील, हे आधी लिहून ठेवता येत नाही.

चळवळीच्या वाचकाच्या मनात येथे एक रास्त शंका येईल. हाताने काम करत शिकायचे, म्हणजे पुन्हा आपल्या मुलांच्या हाती झाडू, चामडे आणि टोपलीच द्यायची काय? ही शंका खोटी नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात, अशी योजना आणली होती. पेरियार आणि द्रविड चळवळीने हे जातीचे धंदे टिकवण्याचे कारस्थान आहे म्हणून रान उठवले आणि १९५४ साली ती योजना गुंडाळावी लागली. अमेरिकेतही कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या धंदेशिक्षणाच्या शाळा काढण्याचा घाट घातला गेला होता. १९१५ च्या सुमारास ड्युईंनी त्याला कडाडून विरोध केला. काही मुलांना हात आणि काही मुलांना डोके, अशी शिक्षणाची वाटणी म्हणजे समाजातील वर्गभेद कायम करणे होय, ही त्यांची भूमिका होती. १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यूयॉर्कला जी परिषद भरली, जिच्यातून पुढे त्यांची मोठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्यातही ड्युई सहभागी होते. तथापि त्यांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यांची शिकागोची शाळा फी घेणारी होती आणि तेथे मुख्यत: प्राध्यापकांची व सुशिक्षित वर्गाची मुले शिकत. अमेरिकेतील वर्णभेदावर त्यांनी जितके लिहायला हवे होते तितके लिहिले नाही. हे काम त्यांच्या शिष्याने आपल्या देशात, आपल्या पद्धतीने केले.

आणि हा विचार केवळ अमेरिकेतून आला असे मानण्याचेही कारण नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो कष्टकरी वर्गातून यावेत आणि नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, अशी मागणी केली होती. ड्युईंची शाळा निघण्याच्या चौदा वर्षे आधी पुण्यातील एका माळ्याने शिक्षक प्रशिक्षणाचा गाभा सांगून ठेवला होता.

आता आपल्याकडे पाहू. बी.एड. किंवा डी.एल.एड. करणाऱ्या छात्राध्यापकाला प्रकल्प पद्धती शिकवली जाते ती कशी? प्राध्यापक फळ्यावर किलपॅट्रिकची व्याख्या लिहितात, टप्पे सांगतात, गुण-दोष सांगतात आणि छात्राध्यापक ते परीक्षेत लिहून येतात. प्रकल्प पद्धती व्याख्यानाने शिकवायची, यापेक्षा मोठा विनोद कोणता? सराव पाठाचे टाचण मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवले जाते. अनेक ठिकाणी प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असते आणि किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर असतो. असा शिक्षक शाळेत गेला की मुलांना प्रकल्प देतो, मुले दुकानातून तयार तक्ता विकत आणतात, आईबाप पदरमोड करतात आणि वहीवर गुण पडतात. यात शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. ज्याने स्वतः कधी एखादा प्रश्न घेऊन सहा आठवडे झुंज दिली नाही, तो मुलांकडून ती कशी करून घेईल?

डी.एड. महाविद्यालयांचा महाराष्ट्रातील बाजार आपण सर्वांनी पाहिला. त्यांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने २०११ साली न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये आलेल्या अहवालाने महाराष्ट्रातील तपासलेल्या संस्थांपैकी बहुसंख्य संस्था मान्यतेला पात्र नसल्याचे सांगितले आणि देशभरातील शिक्षक प्रशिक्षणाच्या दुरवस्थेवर बोट ठेवले. पुढे २०१५ पासून बी.एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले, शाळेतील आंतरवासितेचा काळ वाढला. कालावधी वाढला, हे चांगलेच झाले. पण वाढलेल्या दिवसांत छात्राध्यापक काय करतो, हे कोणी विचारायचे?

प्रत्यक्षात काय करता येईल, याचे एक उदाहरण देतो. छात्राध्यापकांच्या एका गटाने आपल्या गावाचे पिण्याचे पाणी हा विषय घ्यावा. विहीर, हातपंप, टाकी आणि वस्तीतील नळ असे चार ठिकाणचे नमुने घ्यावेत. गढूळपणा पाहावा, साबणाचा फेस किती येतो यावरून पाणी जड की हलके ते ताडावे, ग्रामपंचायतीत ब्लिचिंग पावडर टाकल्यानंतर जी ओ.टी. चाचणी करतात ती करून क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोहोचतो काय ते तपासावे. दर आठवड्याला नोंदी घ्याव्यात. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत तर खोडरबर न वापरता का जुळले नाहीत ते शोधावे. शेवटी ग्रामसभेपुढे निष्कर्ष मांडावेत. मगच हाच प्रकल्प सातवी-आठवीच्या मुलांबरोबर करावा.

यातून छात्राध्यापकाला वर्गातील कोणती कौशल्ये मिळतात? मुलाचा कच्चा प्रश्न तपासता येईल असा कसा करायचा, हे कळते. उत्तर तोंडावर आले असतानाही गप्प बसून मुलाला वेळ द्यायला तो शिकतो. गट पाडताना मुले प्रयोग करतात आणि मुली फक्त वहीत लिहितात, हे त्याच्या ध्यानात येते आणि तो कामे आलटून पालटून देतो. प्रयोग फसला तर घाबरत नाही, कारण त्याचाही फसलेला असतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, एकाच भांड्याला, एकाच परीक्षानळीला सर्व मुलांचे हात लागतात. वस्तीच्या नळाला पाणी शेवटी आणि कमी का येते, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला निघतो. ज्या समाजाला पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला जावे लागले, त्या समाजाच्या मुलांसाठी हा प्रकल्प केवळ गुणांचा नाही. शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेला आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यायलेला विद्यार्थी भीमराव आठवला, म्हणजे वर्गातील प्रत्येक वस्तूला हात लावता येणे याचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल, तर शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ ग्रामीण शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९७८ पासून जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत तो पोहोचला. त्याचा कणा होता शिक्षकांची शिबिरे. मुलांकडून जे प्रयोग करून घ्यायचे, ते सर्व प्रयोग शिक्षक आधी स्वतः करीत, वाद घालीत, चुकत आणि पुन्हा करीत. साध्या सरकारी शाळांतील साध्या शिक्षकांनी तीस वर्षे हे करून दाखवले. २००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तो बंद करण्याचा निर्णय राजकीय होता.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नमूद करतो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, मुलाने कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकावे, असे स्पष्टपणे म्हटले आहे. अभ्यासक्रम राज्यघटनेतील मूल्यांशी सुसंगत असावा, हेही त्याच कलमात आहे. घटनेच्या अनुच्छेद ५१-क प्रमाणे वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. म्हणजे प्रयोग करत शिकणे ही शिक्षकाची मेहेरबानी नव्हे, तो आपल्या मुलाचा कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि मुलाला जर असा हक्क असेल, तर तो पुरवू शकणारा शिक्षक तयार करणे ही शासनाची जबाबदारी ठरते. आपण प्रवेशासाठी भांडलो, शिष्यवृत्तीसाठी भांडलो, आरक्षणासाठी भांडतो आहोत, आणि ते भांडलेच पाहिजे. पण प्रवेश मिळाल्यानंतर वर्गात काय मिळते, यासाठी आपले किती मोर्चे निघाले?

खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलाला घरी इंटरनेट आहे, शिकवणी आहे, इंजिनीअर काका आहे. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि आश्रमशाळेच्या मुलाला विज्ञान भेटते ते फक्त त्याच्या शिक्षकाच्या रूपात. तो शिक्षक पाठ करूनच आला असेल, तर मूलही पाठच करणार. पाठांतराची ही परंपरा कोणाची आहे आणि तिने आपल्याला हजारो वर्षे कोठे ठेवले, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तथागतांनी कालामांना परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा, असा उपदेश केला. ड्युई पाश्चात्त्य होते, बौद्ध नव्हते. पण तपासून पाहण्याची सवय शाळेतच लावली पाहिजे आणि ती लावणारा शिक्षक आधी स्वतः तपासणारा असला पाहिजे, एवढे त्यांनी आयुष्यभर सांगितले. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा कोलंबियाच्या वर्गात जे पाहिले-ऐकले होते ते त्यांच्यासोबत होतेच.

म्हणून चळवळीतील शिक्षक, कर्मचारी संघटना आणि आपल्या समाजातील संस्थाचालक यांना विनंती आहे. आपल्या हातात जी अध्यापक महाविद्यालये आहेत, तेथे या वर्षापासून प्रत्येक विज्ञान छात्राध्यापकाकडून किमान एक खरा प्रकल्प, स्वतः केलेला आणि नंतर मुलांबरोबर केलेला, पूर्ण करून घ्यावा. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीतील आपल्या पालकांनी पुढच्या बैठकीत विचारावे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. तेथूनच कामाला लागता येईल.